उषाकाकूंच्या नावावरची तीन कर्जे

मित्रांनो, हिंदी मुलखातल्या आमच्या सुदामा नगरात सुशांतचे ऑनलाइन कामांचे दुकान आहे. तिथे कोपऱ्यात उभे असलेले, पिवळट पडलेले जुने झेरॉक्स मशीन म्हणजे मी. माझा एक ट्रे तुटला आहे. कागद अडकला की सुशांत मला थापट्या मारतो. त्याचे मला दुःख नाही. आज मला राग आला आहे.

माझे तरुणपण एका कचेरीत गेले. मग सुशांतने मला लिलावात घेतले. गुणपत्रिका, दाखले, रेशनकार्ड, सगळ्यांच्या प्रती मी काढल्या. "भिया, एकदम असली जैसी!" असे लोक सुशांतला म्हणत आणि मी फुशारून जात असे.

अशाच एका दुपारी जयेश नावाचा तरुण गल्लीतल्या बायकांना घेऊन आला. विम्याची फुकट योजना आहे, असे सांगून त्याने प्रत्येकीच्या आधार आणि पॅन कार्डाच्या तीन-तीन प्रती काढवल्या. त्यांत उषाकाकू होत्या. बावीस वर्षे डबे करून त्यांनी घर चालवले होते. त्यांनी फॉर्मवर सह्या केल्या, मोबाईलवर आलेले आकडेही विश्वासाने वाचून दाखवले.

वर्षभराने काकूंचे मनगट सुजले. कणीक मळायचे मशीन घ्यावे म्हणून त्या कर्ज मागायला बँकेत गेल्या. साहेबाने कॉम्प्युटरकडे बघूनच अर्ज परत केला. "पहले पुराना लोन भरो, माताजी." रांगेतले लोक वळून पाहू लागले.

काकू तडक दुकानात आल्या. "सुशांत, कोणतं लोन रे? मी तर आजवर दूधवाल्याची उधारीसुद्धा ठेवली नाही."

"थांबा काकू, तुमचा क्रेडिट रिपोर्ट काढून बघू. नावावर जेवढी कर्जं असतात, सगळी दिसतात त्यात."

रिपोर्टची प्रत माझ्यातूनच निघाली. एक मोटारसायकल, एक महागडा मोबाईल आणि साठ हजार रोख. तिन्हींचे हप्ते थकलेले. नाव काकूंचे, पत्ता परगावचा, देपालपूरचा आणि फोन नंबर भलताच. सुशांतने तो नंबर लावला.

"हां, जयेश बोल रहा हूँ."

काकूंनी फोन हिसकावला. "जयेश, मी उषाकाकू. माझी मोटारसायकल कशी चालतेय रे?"

फोन कट झाला. मित्रांनो, त्या क्षणी मला सारे उमगले. त्या प्रती माझ्याच होत्या! ज्या स्वच्छ छपाईचा मला गर्व होता, तिनेच एका कष्टाळू बाईला कर्जबुडवी ठरवले होते. माझा नुसता संताप झाला.

काकूंनी पोलिसांत तक्रार दिली, रिपोर्टवर हरकत नोंदवली, तिन्ही कर्जकंपन्यांना पत्रे धाडली. एका कंपनीचा माणूस म्हणाला, "सही तो आपकी ही है ना?" काकू म्हणाल्या, "सही माझी आहे, गाडी कुठे आहे ते तू सांग!" मग त्या गल्लीतल्या दारादारावर गेल्या. चौदा जणींचे रिपोर्ट निघाले, त्यांत सहा जणींच्या नावावर अशीच कर्जे सापडली. काकू धरून सात जणी एकत्र ठाण्यात उभ्या राहिल्या, तेव्हा कुठे चक्रे हलली. जयेश पकडला गेला.

काकूंच्या नावावरची कर्जे पुसायला सात महिने लागले. कणकेचे मशीन आले, तोवर मनगटाचे ऑपरेशन झाले होते. बँकेतला साहेब, कंपनीतला माणूस, कोणीही "चुकलं" असे म्हटले नाही. हे मला आजही सहन होत नाही.

म्हणून मित्रांनो, घरच्या मोठ्यांना सांगा. हा रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो मागवा आणि ओळ न् ओळ वाचा. कार्डाची प्रत कुणाला दिलीत, तर तिच्यावर कारण आणि तारीख लिहा. फोनवर आलेले आकडे कुणालाही सांगू नका. कुणी गोड बोलून जास्तीच्या प्रती मागितल्या, तर तिथेच हात आवरा. माझ्या काचेवर ठेवलेले कार्ड मला नाकारता येत नाही. तुम्हाला येते.