सव्वादोन मीटर पांढरं

नागपूरच्या कॉलेजात मी ‘झिरो वेस्ट’ शिकवते. म्हणजे कपडा असा बेतायचा की चिंधीही उरू नये. पोरींना वाटतं, हे परदेशातून आलं. मला हसू येतं, आणि रागही. शेलूबाजारात माझे बाबा, ग्यानबा टेलर, चाळीस वर्षं दुसरं काय करत होते? लोक कापड आणायचे तोकडं आणि मापं सांगायचे ऐसपैस. बाबा गळासुद्धा गोल कापत नसत. उभी चीर देऊन कडा आत दुमडायचे. शेजारी आई, वच्छला, काजं करत बसायची. दोघं दिवसभर भांडायची, आणि मशीन चालूच असायची.

बाबा गेले त्या वर्षी पेटीत सव्वादोन मीटर पांढरं कापड निघालं. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायला त्यांनी स्वतःसाठी घेतलेलं. गावाचं शिवता शिवता स्वतःचं राहून गेलं होतं.

“धम्मदीपा, याचा नरेंद्रले सदरा शिव,” आई म्हणाली. “औंदा बापाच्या कापडात जाईन थो.”

माझा भाऊ नरेंद्र बाबांच्या दीडपट. मी म्हटलं, “पुरत नाही, आई.”

“कायले नाही पुरत? तुह्या बापानं याच्यात दोन नरेंद्र झाकले असते!”

झालं. मी कंबर कसली. कापड जमिनीवर पसरलं, तिरक्या घडीवर कापून बाजूच्या घेराला कळ्या काढल्या, एक सुलटी, एक उलटी. बाह्यांच्या पट्टीतून काखेतले चौकोन निघाले आणि शेवटच्या तुकड्याचा खिसा झाला.

संध्याकाळी नरेंद्रनं सदरा घातला. हात वर केले, वाकून पाहिलं; कुठंच ओढत नव्हता.

“बाबाच्याच हातचा वाटून राह्यला,” तो म्हणाला. मला आभाळ ठेंगणं झालं.

आईचं मात्र लक्षच नव्हतं. ती गुडघ्यांवर बसून जमिनीवरून हात फिरवत होती. मशीनखाली पाहिलं, पेटीमागं पाहिलं.

“काय शोधून राह्यली? बोटभर चिंधी नाही सोडली मी,” मी ऐटीत म्हणाले.

“थेच त,” ती म्हणाली. “मले वाटलं, एवढुसं तरी उरन. उशाखाली ठेवाले.”