होडी का अडली

"ओडुदु! ओडुदु!"

चालली, चालली! छपराखालची सगळी गर्दी एका दमात ओरडली. पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी तर त्या पितळी उरळीलाच लोटांगण घातलं.

तमिळ मुलखातल्या येरकाडच्या डोंगरावर, तिथल्या तळ्यावर पर्यटकांची झुंबड असते ती बोटींपाशी. पण त्या वर्षी, दोन हजार सहा साली, खरी झुंबड होती मागच्या झाडीत, ओडम स्वामींच्या पत्र्याच्या छपराखाली. तमिळमध्ये ओडम म्हणजे होडी. स्वामींच्या पुढ्यात परातीपेक्षा मोठी उरळी, म्हणजे पसरट पितळी भांडं, त्यात दर नावाला नव्याने भरलेलं तळ्याचं पाणी आणि पाण्यावर ताडपत्राची बोटभर लांब होडी. होडीच्या नाकावर कापराची पेटती वडी आणि शेपटीला दुसरी, न पेटवलेली. "पुढचा कापूर देवाला, मागचा पितरांना!" असं स्वामी सांगत. मग गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं. तो तृप्त असला की होडी आपली आपण पाणी कापत निघणार, अतृप्त असला की जागची हलणार नाही. ना वारा, ना दोरा, ना लोहचुंबक!

"मी कोण?" स्वामी छातीवर हात ठेवून म्हणत. "मी नुसता नावाडी. पलीकडचा निरोप अलीकडे आणतो." अडलेल्या पितरांच्या शांतीची तजवीज मात्र शेजारच्या खोलीत होत होती. नावाडी भलता व्यवहारी होता!

तुळसी रांगेत उभी होती. तिला काही म्हणजे काही वाटत नव्हतं.

माघात तिचा नवरा शेषाद्री कचेरीतच छातीत कळ येऊन गेला. इस्पितळात नेत्रदानाबद्दल विचारलं तेव्हा तिने होकाराची मान हलवली, कारण शेषाद्री नेहमी म्हणायचा, माझे डोळे जाळू नका गं. घरी हे कळल्यावर सासू, राजसबाई, पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या घरातल्या जुन्या मराठीत एवढंच बोलली, "आतां वाट कशी दिसेल त्यास?" त्या दिवसापासून शहरात अड्यारच्या त्या घरात शेषाद्रीच्या खोलीतली ट्यूबलाइट दिवसरात्र जळत होती. लेकाला अंधारात चाचपडावं लागू नये म्हणून. तुळसी त्या बंद दाराशी आली की तिच्या पायांखाली उजेडाची पट्टी पडे. ती पट्टी ओलांडून ती शाळेत जाई, मुलांना शिकवी, परत येई. रडू म्हणून येत नव्हतं.

वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारी ऋजुता आणि तिचा नवरा देवेश दोघंही पुण्याकडचे. ती सॉफ्टवेअरमध्ये, तो मोटारींच्या कारखान्यात. "अक्का, बास झालं! दोन दिवस डोंगरावर चला," म्हणत त्यांनी तिला ओढून आणलं होतं. निघताना राजसबाईने तिचा हात धरला. "तिथं होडीचे स्वामी आहेत म्हणतात. माझ्या शेषूस दिसतें का, इतकंच विचारून ये गे."

तुळसीचा नंबर आला. स्वामींनी तेलकट केसांतून हात फिरवला, डोळे मिटले, बोट पाण्यात बुडवून आशीर्वाद दिला आणि होडी सोडली.

"शेषाद्री!"

होडी ढिम्म.

"शेषाद्री, ये बाबा!"

होडी हलेना. गर्दी चुकचुकली. स्वामींनी कपाळावर आठ्या घातल्या. "येणार कसा? वाट दिसत नाही त्याला. पोरी, त्याचे डोळे कुणी काढून घेतले?"

बाया तोंडावर पदर घेऊन मागे सरल्या. ऋजुताच्या अंगावर काटा आला. "अक्का, ह्यांना कसं कळलं हो?" तुळसी रांगेतून बाजूला झाली. आत कुठेतरी दार लागल्यासारखं झालं, एवढंच. आता घरी जाऊन आत्याला, म्हणजे सासूला, काय सांगायचं, हा एक प्रश्न तिला दिसत होता आणि त्याच्यापुढे काही दिसत नव्हतं.

दुपारी तिला बरं वाटावं म्हणून दोघांनी तिला पायाने चालवायच्या बोटीत बसवलं. देवेशच्या हातात मिरची भज्यांचा पुडा. तळ्याच्या मधोमध धुकं उतरलं होतं, पोरं किंचाळत होती, कुणीतरी फोटो काढत होतं. तुळसी पाण्याकडे बघत बसली. पाण्यावर झाडांचा बारीक भुसा तरंगत होता. भजी संपली आणि देवेशने तेलकट बोटं तळ्यात बुडवली.

भुसा चारी दिशांना सर्रकन पळाला.

"पुन्हा बुडव," तुळसी म्हणाली.

"काय?"

"बोटं. पुन्हा बुडव." त्या दिवसभरात ती पहिल्यांदाच आपणहून बोलली होती.

तेल पसरलं की पाण्याची साय सैल पडते, हे तिला ठाऊक होतं. आठवीला पृष्ठताण शिकवताना दरवर्षी ती पाण्यावर सुई तरंगवून दाखवी. कापूर मात्र तिने कधी प्रयोगाला घेतला नव्हता. देवाचा म्हणून! आणि त्या छपराखालच्या कुणालाही कापराचा संशय आला नव्हता, तोही त्याच कारणाने. लोकांनी दोरा शोधला, चुंबक शोधलं, पण डोळ्यांसमोर ठेवलेला कापूर? छे! तो तर पूजेचा! आणखी एक गोष्ट तिला आठवली. सगळे होडीकडे बघत होते तेव्हा ती स्वामींच्या हाताकडे बघत बसली होती. आधी केसांत, मग पाण्यात. होडीत जीव गुंतावा एवढं काही आत उरलंच नव्हतं ना!

काठावरच्या चहावाल्याकडून तिने धुतलेलं ताट मागून घेतलं, पाणी ओतलं आणि देवळासमोरून आणलेल्या कापराचे कण त्यात टाकले. कण भिंगरीसारखे गरगरायला लागले. तिने तेल लावलेल्या वेणीवरून बोट फिरवून पाण्याला टेकवलं. कण जागच्या जागी थांबले.

"आयला!" देवेश म्हणाला.

"आणि डोळ्यांचं?" असं विचारता विचारताच ऋजुताने जीभ चावली. "अगं बाई! रांगेत प्रसाद वाटणारी ती बाई... कोण गेलं, कसं गेलं, केवढ्या मायेने विचारत होती. मीच भडाभडा सांगितलं हो, अक्का. माझंच मेलीचं तोंड!"

तिघं परत छपरात गेली. शांतीनंतर होडीला पुन्हा विचारायची रीतच होती, त्यामुळे गिऱ्हाईक परतलं म्हणून स्वामी खुशीत होते.

"स्वामी," तुळसी सगळ्यांना ऐकू जाईल अशा तमिळमध्ये म्हणाली, "तुम्ही नुसते नावाडी ना? मग या खेपेला हात बाहेर ठेवा. पाणी हा देवेश भरेल."

स्वामी चुळबुळले. पण गर्दीपुढे नाही कसं म्हणणार? देवेशने उरळी चिंचेने लख्ख घासली आणि नवं पाणी ओतलं. तुळसीने नवी होडी सोडली. मागचा कापूर पाण्याला टेकला.

"शेषाद्री," ती हळूच म्हणाली.

होडी निघाली. सरळ तिच्याच दिशेने.

"ओडुदु!" छप्पर दुमदुमलं. आणि कापराचं सगळं ठाऊक असूनही तुळसीला वाटलं, इथेच थांबावं. घरी जाऊन सांगावं, आत्या, चालली, दिसतं त्याला. म्हातारी सुखाने झोपेल. एवढ्याशा खोट्याने कुणाचं काय बिघडणार होतं?

पण मग ती ट्यूब जळतच राहणार होती. आणि ज्याची होडी आज चालते, त्याची उद्या कुणीतरी अडवणार होतं.

तिने वेणीवरून बोट फिरवलं आणि पाण्यात बुडवलं. होडी अडली.

"बघा," ती लोकांकडे वळली. "आता काय, माझा नवरा पुन्हा आंधळा झाला? कापूर पाण्यात विरतो आणि होडीला पुढे सरकवतो. पाण्याला तेल लागलं की होडी थांबते. तेल आहे स्वामींच्या केसांत!"

"आत्मा रागावला!" स्वामी गरजले. "कलियुग! कलियुग!"

"मग तुम्हीही केस साबणाने धुऊन या, स्वामी. बघू किती आत्मे अडतात!" देवेशने आपल्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये टोला हाणला. चारदोन माणसं हसली. काही उठून गेली. काही मात्र तशीच हात जोडून बसून राहिली, हेही सांगायला हवं. लोटांगण घालणारे आजोबा तुळसीजवळ आले. "म्हणजे माझी बायको... ती आली नव्हती?"

"आजोबा, ती कशी होती ते तुम्हाला ठाऊक. या उरळीला काय कळणार?"

तुमच्याही देवघरात कापूर असेलच. परात स्वच्छ घासा, पाणी घाला, करून बघा. देवाचा अपमान होत नाही, नुसती आपली अक्कल वापरली जाते. आणि पुढे कुणी तुमचं गेलेलं माणूस पाण्यात अडकवू लागला, तर होडीकडे नको, त्याच्या हाताकडे बघा.

सोमवारी सकाळी राजसबाई दारातच उभी होती. "विचारलंस?"

तुळसीने स्वयंपाकघरात परात ठेवली, होडी सोडली आणि म्हातारीला बोट बुडवायला लावलं. राजसबाईने एकदा बुडवलं. पाणी बदलून पुन्हा एकदा बुडवलं. मग पदराला हात पुसत पाटावर बसून राहिली.

"ऐय्यो. म्हणजे त्या स्वामीस कांही ठाऊक नाही."

"नाही, आत्या. मेलेल्याला वाट लागत नाही. उजेड लागत नाही, अंधारही लागत नाही. अंधार जिवंतपणी आंधळ्या असलेल्यांना असतो. तेवढा त्याने जाताना थोडा कमी केला."

राजसबाई भिंतीला धरून उठली, शेषाद्रीच्या खोलीचं दार उघडलं आणि बटण दाबलं. ट्यूब विझली. खोली काही काळोखी झाली नाही. खिडकीतून ऊन आत आलेलंच होतं.

"त्याचे डोळे कोणास गेले?"

"नाव सांगत नाहीत. पण दोघांना मिळाले."

"दोघंही आत्तां देखत असतील?"

माघापासून न आलेलं रडू तुळसीला एकदम आलं आणि तिने ते येऊ दिलं.

"सकाळ झाली आहे, आत्या," ती म्हणाली. "देखत असतील."