छत्तीसला पांढरं

माझा पॉलिमर छत्तीस अंशांना पांढरा व्हायला हवा होता आणि तो लहर येईल तेव्हा व्हायचा. कधी तेहेतीसला, कधी बत्तीसला, मध्येच एकदा बरोबर छत्तीसला. अनुजा मॅडम, म्हणजे माझ्या गाईड, शांत बाई. पण सोमवारपर्यंत तीन आकडे सारखे आले नाहीत तर हा पॉलिमर टाकून नवा करायचा, असं त्यांनी शांतपणेच सांगितलं. नवा म्हणजे आणखी एक वर्ष. मी कोडोलीची, जात्याच तापट. त्या दिवशी कपाटाचं दार इतक्या जोरात लावलं की शेजारच्या लॅबमधली अवंतिका बघायला आली.

काम तसं सांगायला सोपं आहे. दोन तऱ्हेचे मणी एका दोऱ्यात ओवावेत तशी ही साखळी. एक मणी पाण्याशी कायम गोडीत असतो. दुसरा गारव्यात पाण्याशी जमवून घेतो, पण तापला की पाठ फिरवतो. मग पाठ फिरवलेले सगळे आत दडतात, गोडीतले बाहेर राहतात, आणि डोळ्यांना न दिसणारे बारीक गोळे आपले आपण तयार होतात. पाण्यासारखं नितळ द्रावण दुधाळ दिसायला लागतं. त्या गोळ्यांच्या पोटात औषध धरून ठेवायचं, हा माझा बेत. कुणी हात न लावता ते कसे जमतात याचं नवल मला पाचव्या वर्षीही वाटतं.

शनिवारी मी चिडायचं सोडून वहीची मागची पानं चाळली. बरोबर आकडा आला तो दिवस कुठला? तर त्या दिवशी आमच्या कॅनमधलं डिस्टिल्ड वॉटर संपलं होतं आणि मी अवंतिकाकडून बाटलीभर आणलं होतं. म्हणजे गोम पॉलिमरमध्ये नव्हतीच. आमच्या कॅनमधल्या पाण्यात लाल लिटमसचा कागद बुडवला, तो निळा झाला. शुद्ध पाण्यानं असं करायचं काही कारण नाही. पाण्यात क्षार असला की हे मणी लवकर पाठ फिरवतात, हे तर मी पहिल्या वर्षीच वाचलं होतं.

कॅन भरायचे आकाराममामा. लॅबचे शिपाई, गडमुडशिंगीहून येणारे, घरी चार म्हशी. मी तणतणत गेले आणि पाण्यात काय टाकता म्हणून विचारलं. मामा अजिबात दचकले नाहीत.

"सोडा," ते म्हणाले. "खायचा. मूठभर टाकतो की कॅनात. उन्हाळ्यात दूध तापवताना फुटू ने म्हणून घरची मालकीण चिमूटभर टाकती. तुमचं रोज तापवलं की नासतंय, बघवना झालं."

भांडायला आलेल्या माणसाची याहून मोठी फजिती नाही. मी त्यांना स्टुलावर बसवलं, अवंतिकाकडून पाणी आणलं आणि त्यांच्यासमोरच नवं द्रावण तापत ठेवलं. चौतीस झाले, पस्तीस झाले. छत्तीसला बाटली पांढरी झाली आणि मामांचा चेहरा पडला.

"नासलं की ओ ताई परत."

मी बाटली बर्फात धरली. पांढरेपणा विरत गेला आणि पलीकडची मामांची बोटं स्वच्छ दिसायला लागली. पुन्हा तापवली, पुन्हा पांढरी. मामांनी बाटली हातात घेतली आणि स्वतःच बर्फात घातली, तापवली, परत बर्फात घातली. असं पाच वेळा. नासलेलं दूध माघारी फिरलेलं त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं, आणि हे का फिरतं ते त्यांना कळायलाच हवं होतं. मी मण्यांचं सगळं सांगितलं. पांढरं झालं म्हणजेच जमलं, हेही सांगितलं.

मामांनी बाटली पुसून टेबलावर ठेवली.

"दोन वरसं झाली," ते म्हणाले. "दर रविवारी जोतिबाला म्हणतोय, ह्या पोरीचं पांढरं हू दिऊ नगंस. एकदा सांगायचं तरी हुतं की."

मला रडूच आलं. चार परिषदांमध्ये मी हे काम अनोळखी लोकांना चित्रं काढून समजावलं होतं. माझ्यापासून दोन हातांवर उभ्या माणसाला एक वाक्य सांगितलं नव्हतं.

सोमवारी तिन्ही बाटल्या छत्तीसला पांढऱ्या झाल्या. मॅडमनी आकडे दोनदा तपासले, सही केली आणि मग आधीच्या घोळाचं कारण विचारलं. मी सोड्याचं सांगितलं. त्यांच्या कपाळावर आठी आली. सोडा टाकायला कुणी सांगितलं होतं, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मामा दारातच उभे होते.

"कुणीच काही सांगितलं नव्हतं, मॅडम," मी म्हटलं. "सांगायचं काम माझं होतं."