बुधाजीचे एकवीस माठ

एकसष्ट साली अमरावतीतलं आमचं जुनं श्रीविलास थेटर दुरुस्त कराले कमेटी बसली. मेंबर अकरा. त्यातल्या नऊ जनांनी नाटक म्हनून कधी पाह्यलं नव्हतं, म्हंजे मानसं अगदी लायक! अध्यक्ष खुशालराव, कापसाच्या जिनिंगवाले.

मी पुंजाराम कुंभार. थेटर बांधलं तवा माह्या बापानं, बुधाजीनं, रंगमंचाच्या फळ्यांखाली एकवीस माठ पुरले होते, तोंडं वर ठेवून. एकेका माठात तोंड घालून बाप सूर लावे. घुमला नाई का माठ फोडे अन् नवा घडवे. म्हनून तं नट कुजबुजला तरी शेवटच्या बाकावर बसलेल्या चांदूर बाजारच्या मानसाले ऐकू ये. बाप गेला. त्याचं तेवढंच काम मांगं उरलं होतं.

मी खुशालरावाले म्हनलं, "भाऊ, फळ्या बदला, पन खालच्या माठाले हात लावू नका. त्यानंच आवाज घुमते."

"पानी प्याचे माठ गाते का रे कुठं?" खुशालराव पोट धरून हसले.

फळ्या निघाल्या, जाळ्या-धुळीत बुडालेले माठ दिसले. ज्या कमेटीचे चार मेंबर कधी एका जागी आले नाई, तिचे अकराही दहा मिनिटांत हजर! गुप्तधन ना, राजेहो!

"अहो, रिकामे हायेत! माह्या बापानं पुरले!" मी बोंबलून राहिलो.

"पाहा, बापाले धनाचं माहीत होतं!" खुशालराव म्हनले. आधी नारळ फोडला, मंग माठ. एकवीसच्या एकवीस. निघालं काय, तं उंदराची लेंडी. मंग लाजेपायी खापरं तिथंच दाबली, वरून सिमेंट ओतलं, अन् याले 'मजबुतीकरण' म्हनले.

उद्घाटनाले अकोल्याची नाटक मंडळी आली. नायिका जीव तोडून गायली, पन तिसऱ्या रांगेमांगं नुसते तिचे ओठ हालताना दिसले. खुशालरावाचं भाषनही कोनाले ऐकू आलं नाई, तेवढा एक फायदा झाला.

आठ दिवसांनी खुशालराव माह्या चाकाजोळ येऊन उभे. "पुंजाराम, बापासारखे एकवीस माठ घडव बाप्पा."

नमुना सिमेंटखाली. मी अंदाजानं घडवतो, तोंड घालून सूर लावतो, माठ गप. फोडतो. बाप कोनता सूर लावे, ते मी त्याले कधी इचारलंच नाई. या गोष्टीचा राग मले खुशालरावापेक्षा माह्यावरच जास्त येते.

खुशालराव रोज येऊन इचारते, "झाला का रे?"

"झाला भाऊ," मी म्हनतो, "पानी प्याचा झाला."