थायरॉइडने जमवलेली सोयरीक

घड्याळवाले प्रेमात पडलेत, हे निदान सर्वांत आधी त्यांच्या आक्काने केलं. आक्का ही त्यांची थोरली बहीण. भावाचं घर लावून द्यायला म्हणून चार दिवसांसाठी आली आणि तिथेच मुरली. भावाला रात्री झोप नाही, छातीत धडधड, हात थरथरतात, चौघांचं जेवतो तरी वाळत चाललाय आणि ऐन थंडीत पंखा लावून बसतो, एवढं पाहिल्यावर आणखी काय बघायचं राहिलं? "पंचेचाळिशीत का होईना, सुचलं एकदाचं," असं ती शेजारीपाजारी सांगून आली.

प्रेम कुणावर, हे शोधायला लांब जायची गरज नव्हती. घड्याळाच्या दुकानासमोर, रस्त्यापलीकडे टेलरबाईंचं दुकान होतं आणि घड्याळवाले हल्ली सारखे तिथेच दिसायचे. कारणही खोटं नव्हतं. अंगावरची पँट ढगळ व्हायची, बाई ती कमरेत आत घेऊन द्यायच्या, आणि तिची शिलाई जुनी व्हायच्या आत ती पुन्हा ढगळ व्हायची.

टेलरबाई चाळिशीच्या, एकट्या राहणाऱ्या, हाताने चपळ आणि जिभेने त्याहून चपळ. लग्नाला त्या दोनदा नाही म्हणाल्या होत्या आणि त्याचं त्यांना कधी वाईट वाटलं नव्हतं. समोरचे घड्याळवाले त्यांच्या लेखी इतकी वर्षं एक शांत गिऱ्हाईक होते. यायचे, कपडा ठेवायचे, "सावकाश झालं तरी चालेल," म्हणायचे आणि जायचे. तो माणूस एकाएकी बोलायला लागला आणि थांबेचना. एका दुपारी बाई कॉलरला इस्त्री करत असताना त्यांनी विचारलं, "माझ्याशी लग्न करता का?" आणि उत्तराची वाट न बघता बाईंचं शिलाई मशीन घरात कुठल्या खिडकीशी ठेवायचं, ते सांगू लागले. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, तो हाच. इकडे कॉलर करपली.

बाई हो म्हणाल्या. का, तर आपल्यासाठी कुणाची तरी झोप उडालीय, हे त्यांना मनापासून आवडलं. आजवर त्यांच्यासाठी कुणाचं काही अडलं नव्हतं.

पुढे मात्र घड्याळवाल्यांच्या हाताची थरथर इतकी वाढली की चिमट्यातला बारीक स्क्रू धड जागेवर बसेना. अर्धा दिवस ते टेबलाखाली ओणवे होऊन स्क्रू शोधत बसायचे. मग आक्कालाही प्रेमाचा हा प्रकार जरा जास्तच वाटायला लागला. ती त्यांना दवाखान्यात घेऊन गेली आणि बाईही हट्टाने सोबत गेल्या.

डॉक्टरीणबाई हसतमुख आणि बोलघेवड्या होत्या. त्यांनी रक्त तपासलं, गळा चाचपला आणि रिपोर्ट आल्यावर तिघांना समोर बसवून सांगितलं, "हा थायरॉइड. गळ्यातली ही ग्रंथी रक्तात हार्मोन सोडते आणि सगळ्या शरीराचा वेग त्यावर ठरतो. तिने किती काम करायचं ते मेंदूखालची पियुषिका ग्रंथी सांगते. ती एवढीशी, वाटाण्याएवढी, पण घरातली सगळी सूत्रं तिच्याकडे. रक्तात हार्मोन कमी झालं की ती हुकूम सोडते, जास्त झालं की गप्प बसते. यांच्या शरीरात गंमत अशी झालीय की तिच्या नावाने दुसरंच कुणी खोटे हुकूम देतंय. पियुषिका बिचारी केव्हाची गप्प आहे आणि थायरॉइड आपली राबतेय."

"म्हणजे होतं काय?" बाईंनी विचारलं.

"होणार काय? धडधड, घाम, थरथर. झोप उडते, भूक वाढते, वजन उतरतं. माणूस उतावीळ होतो, बडबड करतो. घाबरायचं कारण नाही. गोळ्या देते, दीड-दोन महिन्यांत गाडी रुळावर येईल."

प्रेमाची म्हणून आक्काने जेवढी लक्षणं मोजली होती, ती एकूण एक डॉक्टरीणबाईंनी गळ्यातल्या त्या ग्रंथीच्या नावावर लावली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे बिचाऱ्या हृदयावर आळ आला होता आणि करणारी थायरॉइड होती. आक्का रस्ताभर पोट धरून हसली. बाईंना हसू आलं नाही. आपल्याला मागणी घातली ती या माणसाने की त्याच्या गळ्यातल्या ग्रंथीने, एवढाच प्रश्न त्यांच्या डोक्यात होता.

दुकानाच्या पायरीशी त्या थांबल्या. "हे बघा, लग्नाचं आता राहू द्या. गोळ्या घ्या, बरे व्हा. रिपोर्ट नॉर्मल आला की मग विचार करा आणि तेव्हाही वाटलं तर या. नाही वाटलं तर नका येऊ, मी रागावणार नाही."

घड्याळवाल्यांनी मान डोलावली. ते आधीच घामाघूम झाले होते.

दोन महिने बाईंनी रस्त्यापलीकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि बघण्यावाचून दुसरं काही केलं नाही. घड्याळवाल्यांच्या गालांवर हळूहळू मांस चढलं. दुकानातला पंखा बंद झाला. हात स्थिर झाले असणार, कारण टेबलाखाली जाणं थांबलं. मग एक दिवस आक्काच सांगून गेली, "रिपोर्ट अगदी नॉर्मल आला हो. आता पूर्वीसारखा गाढ झोपतो."

तो दिवस गेला, आठवडा गेला. घड्याळवाले रस्ता ओलांडून आले नाहीत. रागावणार नाही म्हणणं सोपं होतं. बाईंनी त्या आठवड्यात एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. रात्री डोळ्याला डोळा लागेना. घास घशाखाली उतरेना. छातीत अशी धडधड सुरू झाली की बाई दचकल्या आणि तडक दवाखान्यात गेल्या. "माझंही थायरॉइड बघा," त्या म्हणाल्या. "लागण झाली असेल."

"थायरॉइडची लागण होत नसते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तरी त्यांनी रक्त घेतलं. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. "काही झालेलं नाही, ग्रंथी ठणठणीत आहेत. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन ग्रंथी बसलेल्या असतात. भीती वाटली, काळजी लागली की त्यांतून ॲड्रेनालिन सुटतं आणि मग अशी धडधड होते. तुम्हाला कसली भीती वाटतेय?"

 बाईंनी खरं ते सांगून टाकलं. "ते येणार नाहीत, याची." आणि बोलल्यावर त्यांनाच कळलं की आजवर आपण फक्त त्यांची धडधड मोजत बसलो; आपल्या मनात काय आहे, ते कधी विचारलंच नाही.

तिथून त्या थेट घड्याळाच्या दुकानात शिरल्या. घड्याळवाले डोळ्याला भिंग लावून कामात होते. बाईंना पाहून ते उभे राहिले, पुन्हा बसले, पुन्हा उभे राहिले.

"रिपोर्ट आला म्हणे," बाई म्हणाल्या.

"आला."

"मग?"

"रोज निघतो," ते खाली मान घालून म्हणाले. "पायरीपर्यंत येतो आणि परत फिरतो. तेव्हा बोललो ते थायरॉइडच्या जोरावर. माझ्यात तेवढी धमक कुठली?"

"म्हणजे बोललात तेही थायरॉइडचंच?"

"नाही, नाही. वाटत होतं ते आधीपासूनच. बरीच वर्षं." त्यांनी आवाज खाली आणला. "चांगल्या शर्टाची बटणं तोडून तुमच्याकडे घेऊन यायचो. लावून घ्यायला. आक्काला माहीत नाही."

बाईंना आठवलं. या माणसाची बटणं इतकी तुटतात कशी, याचं त्यांना नेहमी नवल वाटायचं. छातीतली धडधड काही कमी झाली नव्हती, पण आता त्यांना तिचं काही वाटेना.

"बरं, मग मी विचारते," त्या म्हणाल्या. "माझ्याशी लग्न करता का?"

घड्याळवाल्यांनी डोळ्यावरचं भिंग काढलं. ते पुसलं आणि डबीत ठेवलं. समोर उघडून ठेवलेल्या घड्याळावर धूळ बसू नये म्हणून काचेचं झाकण घातलं. मग खुर्चीला हात टेकून त्यांनी इतका वेळ विचार केला की दारात आलेलं एक गिऱ्हाईक आत डोकावून निघून गेलं. बाईंनी अजिबात घाई केली नाही.

"हो," ते म्हणाले.