हंसाबाईच्या चार वाकळी

वावरातून कापूस वेचून हंसाबाई घरी आली, तर माळ्यावरचं गाठोडं गायब.

"सुरभी, गाठोडं कुठी हाय?"

सून चुलीपाशी घुटमळली. "ह्यांनी नेलं, आई. जमीरभाऊच्या गॅरेजात. तिथं पुसायले चिंध्या लागतात म्हणे."

गाठोड्यात चार वाकळी होत्या. एकही पुरी नाही. पहिली मुलगा गोपाल पोटात असताना जुन्या लुगड्यांची शिवायला घेतलेली. दिवस भरले, आणि ती अर्धीच राहिली. दुसरी नणंदेच्या लग्नासाठी, तर ऐन वेळी निंदणाची घाई आली. तिसरी नवरा अंथरुणाला खिळला तेव्हाची. चौथी तिच्या आईच्या, भागीरथाच्या लुगड्यांची. तिच्यावर धावदोऱ्याच्या दोनच ओळी. दरवेळी कोणीतरी हाक मारली आणि हंसाबाई सुई तशीच कापडात टोचून उठली. उठायचं नाही, हे तिला साठ वर्षांत कोणी सांगितलंच नव्हतं.

पाय न धुताच ती पुसद रोडवर निघाली.

जमीर ट्रॅक्टरखाली होता. बाहेर आला, तर हातात गोपालच्या वेळच्या वाकळीचा फाडलेला तुकडा, काळ्या ऑइलनं माखलेला.

"हे कोणं फाडलं?"

"काकू, गोपालच देऊन गेला ना! मले काय मालूम?" जमीर खरोखर ओशाळला. त्यानं उरलेलं गाठोडं आणून दिलं. हंसाबाईनं जमिनीवरचे तुकडेही एकेक करून वेचले.

तेवढ्यात गोपाल मोटरसायकलवर आला. "आई, कायले तमाशा करून राह्यली? घरात नवे ब्लँकेट पडले हायेत. चाळीस वर्षांत तुह्यानं झाल्या नाहीत, आता काय होतीन? चाल घरी. उद्या वेचणीले माणसं येतीन, त्यायचा सैपाक पाहा लागते."

"तू पाहा."

"काय?"

"सैपाक तू पाहा, वेचणी बी तूच पाहा. ह्या चारी पुऱ्या होईस्तोर मी वावरात पाय टाकत नाही."

"लोक काय म्हणतीन?"

"माह्याच दारात बसतो. ज्याले म्हणायचं त्यानं तिथं येऊन म्हणावं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं दारातच चटई टाकली. येणारेजाणारे थांबत, विचारत. ती मान वर न करता सांगे, "शिवून राह्यलो." गोपाल दोन दिवस फुगून बसला, तशी वेचणीची माणसं दुसऱ्याच्या वावरात गेली. तिसऱ्या दिवशी कापूस झाडावरून गळायला लागला, तसा गुपचूप वेचणीला गेला. बोटांना बोंडं टोचून रक्त आलं. घरी येऊन त्यानं बोटं दाखवली. हंसाबाईनं पाहिली. "टोचतेच ते," एवढंच म्हणाली.

फाडलेल्या वाकळीचं काय करावं, हे तिला सुचत नव्हतं. मग जमीरची आई अकीला आली. सोबत जुन्या हिरव्या ओढणीचे तुकडे.

"पोराच्या हातून झालं, बहन. ठिगळ मी लावतो. पण ऑइलचा डाग काही निघत नाही, पोराचे कपडे धुऊन मले मालूम हाय."

"राहू दे डाग," हंसाबाई म्हणाली. "कोणं फाडली ते दिसू दे."

दोघी समोरासमोर बसल्या. आठव्या दिवशी सुरभी दाराच्या चौकटीपाशी येऊन उभी राहिली.

"आई, मी बसू काय?"

"सैपाक?"

"ह्यांनी खिचडी लावली. करपली."

"मंग बस."

संक्रांतीपर्यंत तीन वाकळी झाल्या. गोपालच्या वेळच्या वाकळीवर ऑइलचा काळा डाग आणि हिरवी ठिगळं, दोन्ही ठसठशीत दिसत होती. कापूस घरात आला होता. त्या संध्याकाळी गोपाल तिच्याजवळ उकिडवा बसला. आवाज नरम होता.

"आई, तूर सोंगाले आली. उद्या येशीन ना?"

हंसाबाईनं आपल्या आईचं, भागीरथाचं लुगडं मांडीवर पसरलं.

"आणखी एक राह्यली."

"शेंगा तडकतीन, आई."

"मंग लवकर उठून जाय," ती म्हणाली, आणि दात लावून दोरा तोडला.