सहीचा हात

बटण काळं होतं, चार भोकांचं, आणि ते काजातून जायला तयार नव्हतं. अंगठा एकीकडे जात होता, बटण दुसरीकडे, आणि आरशातला चेहरा — केस काळे केलेला, गालांवरच्या सुरकुत्या बुजवलेला — हे सगळं लांबून, दुसऱ्याच कुणाचं चालल्यासारखं पाहत होता.

"द्या इकडे," कपडेपट सांभाळणारा म्हणाला. त्याला सगळे मामाच म्हणायचे. "आज तरणं केलंय ना तुम्हाला? मग हात का म्हाताऱ्याचेच घेऊन आलात?"

नट हसला. मामानं बटण एका झटक्यात लावलं, कोटाची कॉलर नीट केली, आणि नटाचा हात जरा जास्तच वेळ हातात धरून मग सोडून दिला.

चित्रपट एका लेखकाच्या शेवटच्या वर्षांचा होता. दडपशाहीच्या काळात त्यानं आपल्या जिवलग मित्राविरुद्धच्या जबाबावर सही केली, मित्र तुरुंगात गेला आणि तिथेच मेला. पुढे काळ पालटला, आणि लेखकाच्या दारात कुणी फिरकेनासं झालं. पण सिनेमाची रीतच उलटी — ज्या घराचा सेट आधी उभा राहतो त्यातलं आधी उरकायचं — म्हणून नट पहिल्याच आठवड्यात मेला, मग आजारी पडला, मग नुसता एकटा राहिला, आणि आता, शेवटच्या दिवशी, ज्या सहीमुळे हे सगळं झालं ती करायला कचेरीच्या सेटवर आला होता.

"काका," दिग्दर्शिका खुर्ची ओढून जवळ बसली. लेकीच्या वयाची, पण कामाला कडक. "आज हात अजिबात हलायला नको हं. पार्सल घेताना आपण करतो ना सही, तशी. हात थरथरला की लोक म्हणणार, बिचारा! माफ करून मोकळे होणार. मला ती माफी द्यायची नाहीये त्याला."

"कळलं," तो म्हणाला.

कळलं होतंच. थरथर ही त्यानं स्वतः कमावलेली गोष्ट होती — बागेतल्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ येऊन बसायचे, त्यांच्याकडे चोरून पाहत त्यानं ती मनगटापासून बोटांपर्यंत कशी उतरते ते शिकून घेतलं, घरी जेवताना, वर्तमानपत्र धरताना घोटली, आणि बायको वैतागायची, "पुरे झाला तुमचा सराव, टेबल पुसून पुसून माझा हात मोडायची वेळ आली!" तेव्हा तो ऐटीत म्हणायचा, भूमिका अंगात मुरवावी लागते बाईसाहेब. मग केव्हातरी... केव्हा ते त्याला नेमकं सांगता आलं नसतं, पण एका सकाळी सराव सुरू करायच्या आधीच कप बशीवर वाजत होता. मी काही करत नव्हतो. मी नुसता बसलो होतो.

आणि ते मरणाचं दृश्य — औषधाचा चमचा तोंडाशी नेताना हात असा काही थरथरला की कॅमेरामननं डोळे पुसले, दिग्दर्शिकेनं धावत येऊन मिठी मारली, "काका, कसं केलंत हो?" कसं केलं... त्या वेळी जीव एकवटून तो फक्त चमचा स्थिर धरायचा प्रयत्न करत होता.

डॉक्टरकडे तो गेला नव्हता. जाणार होता, चित्रपट संपल्यावर. कुजबुज निघाली की संपलं. या धंद्यात आजारी नटाला फुलं पाठवतात, काम नाही.

दिवे लागले. समोर जबाबाचा कागद, पलीकडे अधिकारी झालेला दुसरा नट, याच्या हातात पेन. "ॲक्शन!" त्यानं पेन टेकवलं आणि निबेनं कागदावर टकटक केली, दारावर कुणीतरी बोट वाजवावं तशी. कट. पुन्हा. या वेळी त्यानं कोपर टेबलात रुतवलं, दात आवळले — चेहऱ्यावर घाम आला. कट. चेहरा पुसला गेला, रंग लागला. पुन्हा. टकटक.

दिग्दर्शिका त्याच्या कानाशी वाकली. "काका, सोडा आता म्हाताऱ्याला. फार आत गेलात तुम्ही त्याच्या."

आता सांगावं. एवढंच म्हणायचं होतं की पोरी, मी आत गेलेलो नाही... पण तिच्या डोळ्यांत एवढा आदर होता की तो मोडायची त्याला भीती वाटली. "हो गं," तो म्हणाला. "सुटत नाही पटकन."

"मग असं करू," कॅमेरामन म्हणाला. "यांचा चेहरा वेगळा घेऊ, हात दुसऱ्याचा."

सेटवर हातांची पाहणी सुरू झाली. दिवेवाल्यानं मोठ्या हौसेनं पंजे पुढे केले. "अरे, हा सही करतोय की गळा दाबतोय?" कुणीतरी ओरडलं, सगळे हसले, नटही हसला. शेवटी मामाचे हात पसंत पडले — सडपातळ, जन्मभर सुईत दोरा ओवलेले.

"कोट लागेल मग तुमचा," मामा जवळ येऊन म्हणाला. बटणं काढताना त्यानं आवाज अगदी खाली आणला. "कुणाला दाखवलंत का?"

"काय?"

मामानं शेवटचं बटण काढलं. "काही नाही," म्हणाला, आणि कोट उतरवून घेतला.

नट बिनकोटाचा, कडेच्या खुर्चीवर बसला. कॅमेऱ्याला जोडलेल्या छोट्या पडद्यावर त्याची बाही दिसत होती, त्याचंच बटण, आणि बाहीतून निघालेला तो हात कागदावर संथपणे चालला — एका माणसाचा जीव घेणारी सही, किती सुबक, किती निवांत. "ओके!" टाळ्या पडल्या. इतके दिवस तो स्वतःला समजावत आला होता की ही थरथर त्या लेखकाची आहे, काम संपलं की कपड्यांसारखी इथेच उतरवून जायची. पण लेखकाचा हात तर तो तिकडे, दिव्यांखाली, शांत. मग मांडीवर हा कुणाचा...

फोन वाजला. बायको.

"झालं का शेवटचं काम?"

"झालं."

"मग ते तुमचं थरथरणं तिथेच ठेवून या. नवे कप काढलेत मी."

समोर कामगार कचेरीची भिंत काढत होते. आधी याच जागी लेखकाचं घर होतं, आणि त्यात एक दृश्य होतं — कुणीच येत नाही म्हणून तो म्हातारा बाहेर जाऊन स्वतःच आपल्या दाराची बेल दाबून पाहतो, वाजते तरी का. ते करताना नटाला तो जरा बालिशच वाटला होता.

"ऐक," तो म्हणाला. "आल्यावर मी बेल वाजवीन. दार तू उघड."

"का? किल्ली हरवली?"

"नाही," तो म्हणाला. दुसऱ्या हातानं त्यानं खिशातली किल्ली गच्च धरली होती, आणि तरीही ती वाजत होती... "आहे माझ्याजवळ."

पलीकडे ती गप्प झाली. इतक्या वर्षांच्या संसारात ती अशी कधी गप्प झाली नव्हती, आणि ती काहीतरी बोलेल या भीतीनं, आणि बोलणारच नाही या त्याहून मोठ्या भीतीनं, तो फोन कानाशी तसाच धरून राहिला.